इंदूरच्या रात्री : सराफा तर झालाच, आणखी काय?

सातारी_कंदी

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत इंदूर नक्की झालं आहे. आम्ही दोघं, दहावीतली लेक आणि सासूबाई. दिवसाचं आखून झालं: राजवाडा, लालबाग, एक दिवस उज्जैन, एक दिवस मांडू. अडलंय ते दिवेलागणीनंतरचं.

एरवी आम्ही सुट्टीत डोंगरच गाठतो. महाबळेश्वर, पचमढी, एकदा उटी. सगळीकडे तेच. सूर्य मावळला की बाजारपेठेत दोन फेऱ्या, हातात भाजलेलं कणीस आणि नऊ वाजता खोलीत टीव्ही. इंदूरही पठारावरच, साडेपाचशे मीटर उंचीवर. पण तिथं म्हणे लोक रात्री दहाला घराबाहेर पडतात. ज्याला विचारावं तो 'सराफा' म्हणतो आणि थांबतो. त्या रात्रीच्या खाऊबाजाराला जाणारच, पण रोज रात्री तिथंच जायचं का? नवऱ्याला नाटक-गाणं लागतं. लेकीला 'हॅपनिंग' काहीतरी हवंय, म्हणजे नेमकं काय ते तिलाही सांगता येत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण 'तुम्ही खोलीवर थांबा' म्हटलं की जास्त दुखतात. पिण्याबिण्याचा प्रश्न नाही.

थंडी किती असते, रात्री बाराला रिक्षा मिळते का, बायकांनी फिरायला ठीक आहे का, तेही सांगा.

रामबागकर

कंदीताई, या या. आधी थंडीचं बोलतो, कारण रात्रीचा सगळा खेळ तिच्यावर आहे. आमच्याकडे जुने लोक म्हणतात, सकाळ बनारसची, संध्याकाळ अवधची आणि रात्र माळव्याची. शब-ए-मालवा. शायरी बाजूला ठेवली तरी कारण साधं आहे. पठार उंच, हवा कोरडी, आभाळ मोकळं. दिवसभर तापलेली जमीन अंधार पडताच निवायला लागते. मे महिन्यात दुपारी चाळीसच्या वर पारा आणि रात्री गच्चीवर अंगावर चादर, असं आमचं लहानपण गेलं. डिसेंबरअखेर रात्री आठ-दहा अंश धरून चाला. नुसत्या स्वेटरवर भागणार नाही. टोपी, शाल, मोजे, सगळं घ्या, कारण सराफ्यात खाणं उभ्यानंच होतं.

आता सराफा. दिवसा हा सोन्याचांदीचा बाजार. रात्री आठ-साडेआठला पेढ्या बंद व्हायला लागतात आणि त्यांच्याच ओट्यांपुढे कढया चढतात. नऊच्या आत जाऊ नका, मांडामांड चालू असते. दहानंतर रंग भरतो आणि दोनपर्यंत चालतो. सगळं शाकाहारी. आमचे आजोबा सांगायचे की पेढीवाल्यांनीच हे चालू दिलं, रात्रभर माणसांचा राबता राहिला की दुकान फोडायची कुणाची छाती होत नाही.

पाहुणे सगळे एकच गोष्ट करतात: शिरल्या शिरल्या जलेबा घेतात. जलेबा म्हणजे पाव किलोच्या आसपास वजनाची एकच जिलबी. तो खाल्ला की खेळ संपला. सुरुवात भुट्ट्याच्या किसानं करा. कोवळा मका किसून, तुपात मोहरी-हिंग-मिरचीवर परतून दुधात शिजवतात, वर ओलं खोबरं आणि लिंबू. मग खोपरा पॅटिस, बाहेर बटाटा आणि आत खोबऱ्याचं सारण. मग जोशींचा दहीबडा. तिथं द्रोण दह्याबड्यासकट हवेत उडतो आणि परत हातात येतो, आणि एकाच चिमटीत धरलेले मसाले एकामागून एक वेगवेगळे सुटतात. हे कसं जमतं ते आम्हाला इतकी वर्षं बघूनही कळलेलं नाही. डिसेंबर आहे म्हणजे गराडू हवाच. कोनफळाच्या कुळातला कंद, तळून पुन्हा तळलेला, वर जिरावन मसाला आणि लिंबू. हिवाळा सरला की गराडू गायब. शेवटी रबडी किंवा मावाबाटी, आणि पान.

चौघांत एक प्लेट. हा नियम मोडू नका.

जिरावन

भिया, शिकंजी विसरले तुम्ही! ताई, इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे हां. दाट आटवलेलं दूध, केशर, सुकामेवा, किंचित आंबटसर. चमच्यानं खायची की ओठाला लावून प्यायची, यावरून आमच्या घरात दोन पार्ट्या आहेत. थंडीत पण पितात लोक.

लेकीला छप्पनला न्या. नवीन पलासियात एका रांगेत छप्पन दुकानं, गाड्यांना बंदी, बसायला बाकडी, आणि सगळं कॉलेजचं पब्लिक. २०२० मध्ये पूर्ण नवीन करून दिलंय. तिथं जॉनी हॉट डॉगकडे हॉट डॉग आणि अंड्याचा बेंजो. सासूबाईंच्या गुडघ्यालाही छप्पनच बरं. फक्त ते लवकर आवरतं, आठला पोचा. म्हणजे छप्पनला तिखट, तिथून निघून सराफ्याला गोड. एकाच रात्री दोन्ही. आम्ही असंच करून राहिलो लहानपणापासून.

गिरगावची_मामी

सराफ्यातल्या साबुदाणा खिचडीबद्दल कुणीच कसं बोलत नाही? मी गेले होते तेव्हा मोठ्या हौसेनं घेतली. फोडणी नाही, तूप नाही! भिजवलेला साबुदाणा वाफेवर ठेवलेला, त्यात फराळी चिवडा, हिरवी मिरची, लिंबू आणि वरून तो तुमचा मसाला, आणि दिली कालवून. ही खिचडी?

जिरावन

मामी, ही खिचडी. तुमची ती साबुदाण्याची भाजी.

गिरगावची_मामी

अरे देवा.

रामबागकर

मामी, रागावू नका. आमच्या घरी दोन्ही होतात. एकादशीला आई तुपातली करते, आणि त्याच रात्री वडील सराफ्यातून वाफेवरची बांधून आणतात. वाफेवरची मोकळी राहते, एक दाणा दुसऱ्याला चिकटत नाही. रात्री अकराला पोटाला हलकीही पडते.

सराफ्यातला

सगळ्यांचं खाऊन झालं असेल तर मी बोलतो. आमचं घर छोट्या सराफ्याच्या मागच्या गल्लीत आहे, पिढ्यान्‌पिढ्या. पाहुण्यांना हा बाजार म्हणजे जत्रा, आम्हाला रोजची रात्र. शनिवारी रात्री घरात कुणाला बरं नाहीसं झालं तर रुग्णवाहिका आत येत नाही, खुर्चीत बसवून हमरस्त्यापर्यंत न्यावं लागतं. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना गॅसच्या टाक्या, मध्ये हजारो माणसं. हे लिहिताना कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. जुने खोमचेवाले आमच्या घरचेच आहेत. पण मोमो, चायनीज, धूर सोडणारी बिस्किटं, आगीचं पान हे कधीपासून सराफ्याचं झालं? सराफ व्यापारी ही रात्रीची खाण्याची चौपाटी हलवा म्हणतात, दुसरी बाजू म्हणते परंपरा आहे. परंपरेची दुकानं ठेवा, बाकीची काढा, एवढं साधं आहे.

ताई, तुम्ही या, पण मंगळवार-बुधवारी या. गाडी लांब लावा, राजवाड्यापासून चालत या. आणि आगीच्या पानाचा व्हिडिओ काढायला गल्लीच्या तोंडाशी उभं राहू नका, एवढी विनंती.

रात्रपाळी

सराफ्यातला यांच्याशी सहमत. अर्धी गर्दी खायला येतच नाही, शूटिंगला येते.

'हॅपनिंग'वरून आठवलं. इथं २०२२ च्या सप्टेंबरात बीआरटीएसच्या, म्हणजे बसच्या राखीव मार्गाच्या, साडेअकरा किलोमीटरच्या पट्ट्यात दुकानं-हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी मिळाली होती. माझ्यासारख्या रात्री दोनला सुटणाऱ्याला स्वर्ग. पहाटे तीनला गरम जेवण, लॅपटॉप घेऊन बसलेली पोरं, चहा. मग दारू पिऊन रस्त्यावर धिंगाणा घालणाऱ्यांचे व्हिडिओ फिरायला लागले, ओरड झाली, आणि २०२४ च्या जुलैत सगळं बंद. जो धिंगाणा घालत होता त्याला पकडायचं सोडून चहावाल्याचं शटर पाडलं, असं माझं मत. आता विजयनगरकडचे बार मध्यरात्रीच्या आसपास आवरतात आणि मग खरोखरच सामसूम.

रामबागकर

रात्रपाळी, मत तुमचं, पण ज्यांच्या खिडकीखाली तो धिंगाणा चालायचा त्यांनाही विचारा. मला विचाराल तर इंदूरची रात्र काचेच्या दारामागे कधी नव्हतीच. ती रस्त्यावर, आजी-नातवंडांसकट. रात्री साडेअकराला सराफ्यात कडेवरचं मूल रबडी चाटतंय, शेजारी नऊवारीतल्या आजी. हे दृश्य मी मुंबईतसुद्धा पाहिलेलं नाही. ताईंच्या सुरक्षिततेच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आलं. सराफा, राजवाडा, छप्पन इथं बाराला बायका-मुलं बिनधास्त असतात. परतताना मात्र ॲपची गाडी करा, ई-रिक्षावाला रात्री वाटेल तो भाव सांगतो. मेट्रो धावायला लागली आहे, पण ती सुपर कॉरिडॉरच्या बाजूला. राजवाड्याच्या पाहुण्याला तिचा अजून काही उपयोग नाही.

रात्रपाळी

आणि सराफा आवरल्यावर सरवटे बसस्टँडपाशी पोहे. पहाटे चार-साडेचारलाही वाफाळते मिळतात. पोहे सकाळी खायचे असतात हे आम्हाला मान्य आहे, आमची सकाळ जरा लवकर होते इतकंच.

तिसरी_घंटा

नवऱ्याच्या नाटकाचं मी सांगते. इंदुरात सानंद न्यास आहे. मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं इथं सभासदांच्या पाच गटांसाठी पाच वेळा होतात, शनिवार-रविवारी. गटांना नावं आहेत : राहुल बारपुते, रामूभैया दाते, मामा मुझुमदार, वसंत, बहार. बारपुते म्हणजे 'नई दुनिया'चे संपादक आणि कुमार गंधर्वांचे जिवलग. रामूभैया म्हणजे अरुण दात्यांचे वडील, ज्यांच्या बैठकीत गाऊन दाद मिळाली की कलावंताला पावती मिळाल्यासारखं वाटायचं. खंडवा रोडला विद्यापीठाच्या सभागृहात प्रयोग असतात. नाटक मुंबईत गाजलेलं असो नसो, इथला प्रेक्षक वेळेवर येतो आणि मोबाइल बंद ठेवतो. कलाकार स्टेजवरून तसं बोलूनही दाखवतात.

अडचण ही की हे सभासदांसाठी असतं, खिडकीवर तिकीट नाही. नात्यात किंवा ओळखीत कुणी सभासद असेल तर आधी फोन करा. आमच्याकडे पाहुणा आला की घरातलं कुणीतरी एक जण मोठ्या मनानं घरी बसतं.

त्याशिवाय रवींद्र नाट्यगृह, साउथ तुकोगंजचं जाल सभागृह आणि गांधी हॉलच्या आवारातला अभिनव कला समाज. हिवाळ्यात यांपैकी कुठे ना कुठे गाणं, नाटक, व्याख्यान असतंच, आणि बऱ्याच ठिकाणी प्रवेश खुला. सकाळचा स्थानिक पेपर उघडायचा, 'आज शहरात' बघायचं आणि संध्याकाळी जायचं. हे उस्ताद अमीर खाँसाहेबांचं गाव आहे. विलंबित ऐकायला बसणारी माणसं इथं अजून शिल्लक आहेत.

खानदेशी_खापर

लताबाईंचा जन्मही इंदूरचाच ना?

तिसरी_घंटा

हो. २८ सप्टेंबर १९२९, शीख मोहल्ल्यात. त्यांच्या नावाचा राज्य सरकारचा पुरस्कार १९८४ पासून दिला जातो. त्याचा सोहळा आणि गाण्याची रात्र इंदुरात होते, पण डिसेंबरात नाही.

पगपगनीर

शहराबाहेरचंही थोडं सांगतो. माळव्याची खरी रात्र खेड्यात ऐकायची. इथं निर्गुणी भजनांच्या मंडळ्या आहेत. एक तंबूरा, ढोलक, करताल, मंजिरे, आणि कबीर. रात्री जेवणं उरकल्यावर बसतात, मध्ये चहा फिरतो, आणि उजाडतं कधी ते कळत नाही. उज्जैन जिल्ह्यातल्या लूनियाखेडीचे प्रह्लादसिंह टिपानिया यांना याच गाण्यासाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. शाळामास्तर माणूस. कुमारजी १९४८ मध्ये क्षयाच्या आजारात, इथली कोरडी हवा मानवेल म्हणून देवासला आले आणि अंथरुणावर पडल्या पडल्या हेच गाणं त्यांच्या कानावर येत राहिलं. पुढे त्यांनी ते मैफलीत आणलं. देवास इंदूरहून तासाभराच्या आत. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं घर, भानुकुल, आहे, आणि एप्रिलमध्ये जयंतीच्या सुमारास तिथं संगीत समारोह होतो. डिसेंबरात तो मिळणार नाही, पण टेकडीवरून संध्याकाळी गाव बघायला काय हरकत आहे?

एक प्रकार आता फारसा दिसत नाही तो म्हणजे माच. उज्जैनकडचं लोकनाट्य, उघडा मंच, सगळं गाण्यातून, आणि खेळ रात्रभर. आपल्या तमाशाच्या रसिकाला लगेच ओळखू येईल. कुठं बोर्ड दिसला तर बाकीचा बेत रद्द करा.

आणि पितृपक्षात आलात तर संजा. रोज संध्याकाळी मुली भिंतीवर शेणानं आकृती काढतात, त्यावर फुलं लावतात आणि गाणी म्हणतात. तुमच्याकडे भुलाबाई-हादगा असतो ना, त्याच घरातली ही बहीण. आमच्या कॉलनीत मराठी मुली दोन्ही करायच्या, खिरापत दोन्हीकडची.

खानदेशी_खापर

भुलाबाई आमची, जळगावची! बरं वाटलं वाचून.

जुनी_इंदूरकर

तारीख बदलता येत असेल तर अनंत चतुर्दशीला या. बाकी सगळ्या रात्री एकीकडे आणि ती एकीकडे. गिरण्यांच्या झाँक्या निघतात : हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. दिव्यांनी मढवलेले हलते देखावे, पुढे आखाडे, तलवार-बनाटी फिरवणारी पोरं आणि पोरीसुद्धा. संध्याकाळी सुरू झालेली मिरवणूक जेल रोड, कृष्णपुरा करत राजवाड्यावर येते तोवर पहाट. शंभर वर्षांची परंपरा. गिरण्या बंद पडून तीस-तीस वर्षं झाली. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली आणि कामगारांच्या हक्काचे पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. या सगळ्या काळात, घरात चूल पेटते की नाही अशी अवस्था असतानाही, कामगारांनी वर्गणी काढून झाँकी काढली. माझे सासरे मालवा मिलमध्ये होते. ते ओट्यावर खुर्ची टाकून आपल्या मिलची झाँकी येईपर्यंत डोळ्याला डोळा लावत नसत.

पाहुण्यांना लोक रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, सांगतात, तीही बघावी, पण ती दिवसाची.

सातारी_कंदी

बापरे, किती लिहिलंत! सगळ्यांचे आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या मिलच्या कामगारांपाशी थांबल्या. त्यांचे वडील सोलापूरच्या गिरणीत होते.

मांडूचं विचारायचंय. तिथं रात्री राहावं की संध्याकाळी परत इंदूर गाठावं?

नर्मदेहर

राहा. मांडू इंदूरहून शंभरेक किलोमीटर, धारवरून जावं लागतं आणि शेवटचा टप्पा घाटवळणांचा. डिसेंबरात संध्याकाळनंतर धुकं उतरतं, तेव्हा अंधारात गाडी हाकू नका. संध्याकाळी रूपमतीच्या मंडपावर जा. पठार तिथं एकदम तुटतं आणि हजारएक फूट खाली निमाड पसरलेला असतो. हवा स्वच्छ असेल तर नर्मदेची रेघ चमकते. सूर्यास्ताला दारं बंद करतात, रखवालदार शिट्टी मारत मागे येतो. पाच वाजताच पोचा.

मग गावात या. इथं बाजारपेठ वगैरे नाही, महाबळेश्वरच्या मापानं तर काहीच नाही. किल्ल्यात प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम असतो, वेळ हॉटेलात विचारून घ्या. जेवणात दाल-पानिये मागा : मक्याच्या पिठाचे गोळे पानात गुंडाळून गोवऱ्यांवर भाजतात. ते आधी सांगावं लागतं, दुपारीच सांगून ठेवा. नऊला गाव झोपतं. तुमच्या डोंगरावरच्या सुट्टीसारखीच रात्र, फक्त टीव्हीऐवजी आभाळ बघा.

बखरवाचक

मांडू आज नऊला झोपतं, पण चारशे वर्षांपूर्वी तसं नव्हतं. जहांगीर १६१७ मध्ये तिथं बरेच महिने मुक्कामाला होता. आपल्या आठवणींत त्यानं नूरजहाँनं शब-ए-बरातला दिलेल्या मेजवानीचं वर्णन करून ठेवलंय. तलावांच्या मधल्या महालात बैठक, आणि संध्याकाळ होताच तलावांच्या कडेनं, इमारतींवर सगळीकडे कंदील आणि दिवे. पाण्यात त्यांचं प्रतिबिंब असं पडलं की अख्खा तलावच पेटलाय असं वाटावं. आज जहाज महालापाशी उभं राहिलं की दोन्ही अंगांना तलाव दिसतात. माझ्या मते कुठल्याही प्रकाश-ध्वनी कार्यक्रमापेक्षा हे चार ओळींचं वर्णन आधी वाचून जाणं जास्त कामाचं.

नर्मदेहर

वा. आणि एक. पुष्कळ जण मांडूहून खाली महेश्वरला उतरतात. घाटावर संध्याकाळची नर्मदेची आरती, होळकरांचा किल्ला मागे, नदीत दिवे. सुंदरच. पण महेश्वर पठारावर नाही, घाटाखाली निमाडात. तिथं रात्र तुलनेनं उबदार, हिवाळ्यात हे सासूबाईंना सुखाचं, उन्हाळ्यात मात्र घामाच्या धारा.

तुमचा प्रश्न नाही म्हणालात तरी बाकी वाचकांसाठी : महेश्वर, ओंकारेश्वर आणि उज्जैनमध्ये १ एप्रिल २०२५ पासून दारूबंदी आहे. नंतर हॉटेलवाल्याशी वाद घालू नका.

रामबागकर

उज्जैनचंही सांगून टाकतो. दिवसा जाण्यापेक्षा दुपारी निघा. रामघाटावर दिवेलागणीला क्षिप्रेची आरती, मग महाकाल लोक, म्हणजे महाकाल मंदिरालगतचा नवा परिसर. २०२२ च्या ऑक्टोबरात खुला झाला, आणि तो रात्रीच बघायचा. दिवसा दगड तापतो आणि त्या मोठमोठ्या मूर्तींचा रंग डोळ्यांवर येतो. रात्रीच्या दिव्यात त्याच बऱ्या दिसतात. चालणं खूप आहे, सासूबाईंसाठी चाकाची खुर्ची किंवा बॅटरीची गाडी मिळते का, ते शिरतानाच विचारा. भस्मारती पहाटे चारला असते. आमच्या मित्रमंडळात जुनी पद्धत होती, सराफ्यात एक वाजेपर्यंत खायचं, तिथून थेट उज्जैन. पन्नास-पंचावन्न किलोमीटर, रस्ता उत्तम. आता आगाऊ नोंदणीशिवाय सोडत नाहीत आणि नाताळच्या सुट्टीत ती मिळणं कठीण, आजच बघा.

गिरगावची_मामी

आणि उपाशीपोटी जा हो, एक वाजेपर्यंत खाऊन कसले जाता देवाला.

जिरावन

मामी, महाकाल आहेत ते, समजून घेतात.

ताई, लेकीसाठी अजून एक. राऊकडे नखराली ढाणी आहे, गावासारखं उभं केलेलं. लोकनृत्य, कठपुतळी, पाटावर जेवण. मला जरा नाटकी वाटतं, पण मुलांना आवडतं आणि आजींना बसायला मिळतं. दाल-बाफले खायचे असतील तर मात्र रात्री नको, दुपारी खा. बाफले म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, ते तुपात बुडवलेले असतात, त्यानंतर सराफ्याचं नाव काढू शकणार नाही.

सातारी_कंदी

झालं, बेत बदलला. पहिली रात्र छप्पन, मग फिरत राजवाडा. सराफा बुधवारी. शनिवार-रविवारचं नाटक जमतंय का बघतोय, नवऱ्याच्या मावसबहिणीची नणंद राजेंद्रनगरला असते असं आत्ताच निष्पन्न झालं आहे. मांडूला मुक्काम. उज्जैन दुपारनंतर. भस्मारतीची नोंदणी भरलेली दिसतेय.

राजवाडा रात्री आतून बघता येतो का?

जुनी_इंदूरकर

आतून दिवसाच. रात्री बाहेरूनच, आणि खरं तर तेच छान. दिव्यांत सातही मजले दिसतात, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत मागचा बराच भाग गेला होता, तो नंतर जुन्या पद्धतीनं पुन्हा बांधला. समोर अहिल्याबाईंचा पुतळा आहे, बागेत बसायला जागा आहे. तिथून पाच मिनिटांवर कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, त्यांच्यावरही दिवे असतात. सासूबाईंना बागेत बसवा, तुम्ही छत्र्या बघून या, आणि मग सगळे मिळून सराफ्याकडे निघा. नणंदेच्या घरून जाणार असाल तर त्यांना आधीच सांगा की रात्री जेवायला थांबणार नाही. राजेंद्रनगरवाले पोळी-भाजी खायला घातल्याशिवाय सोडत नाहीत.

सराफ्यातला

बुधवार उत्तम. साडेनऊला आलात तर दहीबड्याला रांग कमी असते. गराडू घेताना 'करारे' सांगा, नाहीतर मऊ देतात. आणि सासूबाई थकल्या तर बंद पेढ्यांचे जे मोकळे ओटे असतात त्यांवर बसवा, कुणी उठवत नाही.

गिरगावची_मामी

खिचडी मात्र घेऊ नका.

जिरावन

दोन प्लेट घ्या.